उभ्या टेम्पोचा पहारेकरी



मागच्या खेपेला आपण छताच्या पंख्याचा कंडेन्सर पाहिला. या खेपेला पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर घ्यायचा, असे ठरवून कागद पुढे ओढलाही होता. परंतु घोडेगावहून मेहुणीचा फोन आला. म्हणाली, "दाजी, आमच्या गाडीला जे करून दिलंत ते एकदा पेपरात लिहा. स्टॉलवाले येऊन येऊन विचारतात, मला सगळं सांगता येत नाही." तेव्हा स्टार्टर पुढच्या अंकात.

घोडेगाव आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले असते. नेवासे तालुक्यातले हे गाव नगर-संभाजीनगर रस्त्यावर, नगरपासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. कांद्याचा मोठा बाजार, रस्त्याकडेला उभे ट्रक, रात्रभर चालू असलेली चहाची हॉटेले. शनिशिंगणापूरचा फाटाही इथेच. माझे साडू आणि मेहुणी याच गावचे. त्यांचा धंदा पुस्तकांचा. पुस्तके, तसबिरी, मूर्ती, बिल्ले, दिनदर्शिका, निळे झेंडे असा माल बंद बॉडीच्या 407 टेम्पोत भरायचा आणि निघायचे. अशोक विजयादशमीला नागपूर, 6 डिसेंबरला दादर, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड, मग एप्रिलभर गावोगावच्या जयंत्या. वर्षातले सात-आठ महिने टेम्पो हेच त्यांचे दुकान आणि टेम्पो हेच घर. मागे फळ्यांवर गाद्या, कोपऱ्यात स्टोव्ह, पत्र्याच्या पेटीत मुलांची दप्तरे. 2021 साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हा वर्तमानपत्रांत पलंग आणि स्वयंपाकघर असलेल्या मोटारींची चित्रे छापून आली. साडू म्हणाले, "आपण तर कधीचेच पर्यटक!"

पावसाळ्यात मात्र हे घर उभे असते. जूनच्या अखेरीस टेम्पो घरामागच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली लावायचा, तो दसऱ्याआधी हलवायचा. युरोपात लोकांच्या कॅराव्हॅन हिवाळाभर अशाच उभ्या असतात आणि तिथेही हेच दुखणे असते. चोरी चालत्या गाडीत क्वचित होते, ती उभ्या गाडीत होते.

2022 च्या ऑगस्टमधली गोष्ट. साडूंनी वर्षभरापूर्वी शहरातल्या एका दुकानातून टेम्पोला चोरघंटी बसवून घेतली होती. दार उघडले की सायरन, गाडी हलवली की सायरन. बसवणाऱ्याने सांगितले होते, "लावून टाकली, आता विसरून जा." हे लोक खरेच विसरले. एका पावसाळी रात्री मागच्या फाळक्याचे कुलूप तुटले. अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे, स्टेपनी आणि जाता जाता गाडीची बॅटरीसुद्धा गेली. पुस्तकांना कोणी हात लावला नव्हता. चोराला वाचनाची गोडी नव्हती एवढेच. पण दसऱ्याच्या तोंडावर चाळीसएक हजारांचा फटका म्हणजे त्या घराला नागपूर बुडाल्यासारखेच. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तेव्हा मेहुणी ओट्यावर बसली होती. तिचे पहिले वाक्य होते, "दाजी, गाडी ओरडलीच नाही."

मी विचारले, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकत होता का? ती जरा थांबून म्हणाली, "आठ दिवसांपासून बंद होता. मला वाटलं, दिवाच गेला असेल."

सगळे उत्तर या वाक्यात आहे. दिवा गेला नव्हता, बॅटरी गेली होती. चोराने बॅटरी नेली, त्याच्या कितीतरी आधी ती रिकामी झाली होती. पहारेकरी उपाशी मरून पडलेला, आणि घरची माणसे त्याच्या भरवशावर गाढ झोपलेली. चोरघंटी नसती तर साडू निदान फाळक्याला साखळी लावून झोपले असते.

आता हा पहारेकरी खातो किती, ते पाहू. चोरघंटी गप्प असतानाही चोवीस तास थोडा थोडा करंट घेत असते. साधारण 20 ते 30 मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण गणित मांडा: 30 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 0.72 अँपिअर-अवर. आणि ती एकटी नसते. साडूंनी नवी बॅटरी घातल्यावर मी मीटर लावला, तर काटा थेट 90 वर! गाणी वाजवण्याचा संच किल्लीला न जोडता सरळ बॅटरीवर जोडलेला, मोबाईल चार्ज करण्याचे सॉकेट कायम चालू, वर गाडी कुठे आहे ते सांगणारे यंत्र. 90 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सव्वादोन अँपिअर-अवरच्या जवळपास. नवी 75 अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने 17 दिवसांत अर्धी होते आणि महिना-सव्वा महिन्यात संपते. त्यांची जुनी बॅटरी तीन वर्षांची होती, म्हणजे तिच्यात नव्याची ताकद नव्हतीच. शिवाय काही न जोडताही बॅटरी आपोआप झिरपत असते, आणि उन्हाळ्यात जास्त. शिशाची बॅटरी 1859 साली प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधली. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण ही खोड गेलेली नाही. अर्ध्याच्या खाली वारंवार रिकामी केली आणि तशीच ठेवली, तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

हा करंट तुम्हालाही मोजता येतो. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी बंद करा, किल्ली काढा, दारे लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मीटर 10 अँपिअरच्या खाचेवर ठेवून त्याची एक तार निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी सोडलेल्या वायरीला लावा. मग चोरघंटी चालू करून अर्धा तास थांबा, कारण यंत्रे लगेच झोपी जात नाहीत. आकडा स्थिर झाला की वाचा. मात्र मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि स्टार्टर तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. माझा एकदा उडालेला आहे.

बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टेजवरून कळते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी सुरू करण्याआधी दोन्ही खांबांवर मीटर लावा. 12.6 किंवा थोडे वर असेल तर पोट भरलेले. 12.4 म्हणजे पाऊण. 12.2 म्हणजे अर्धी, त्याच दिवशी चार्जिंगला लावा. 12 च्या खाली गेली तर पहारेकरी आडवा पडायच्या बेतात आहे. गाडी नुकतीच बंद केली असताना मोजू नका. तो आकडा फुगलेला असतो.

साडूंच्या टेम्पोला मी जी व्यवस्था केली ती अशी. पहिली गोष्ट, मुख्य बॅटरीला कट-ऑफ स्विच. टेम्पो महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तेव्हा तो फिरवायचा, म्हणजे गाणी, सॉकेट सगळे बंद. दुसरी गोष्ट, चोरघंटीला तिची स्वतःची छोटी बॅटरी. संगणकाच्या यू.पी.एस.मध्ये असते ती 12 व्होल्टची 7 अँपिअर-अवरची बंद बॅटरी. ती सीटखाली, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, सहज दिसणार नाही अशी घट्ट बांधली. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. आपल्या भागातले एप्रिल-मेचे ऊन पत्र्याच्या डब्यात काय करते ते सांगायला नको. तिची निगेटिव्ह वायर चॅसिसला, पॉझिटिव्हवर खांबापासून वीतभर अंतरात 3 अँपिअरचा फ्यूज. तो फ्यूज विसरायचा नाही. वायर कुठे घासून चॅसिसला टेकली, तर चोर येण्याआधी आग येईल.

पण 7 अँपिअर-अवरची बॅटरी रोज 0.72 देऊ लागली, तर पाचव्या दिवशी अर्धी आणि दहाव्या दिवशी रिकामी. म्हणून तिसरी गोष्ट, छतावर 20 वॉटचे छोटे सौर पॅनल आणि मध्ये चार्ज कंट्रोलर. 10 वॉटचे पॅनलही चांगल्या उन्हात दिवसाला दोन अँपिअर-अवरच्या वर देते. पण ढगाळ दिवशी उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि आपल्याला गरज नेमकी पावसाळ्यातच. त्यासाठी वीसचे घेतले. कंट्रोलर वगळून पॅनल सरळ बॅटरीला जोडण्याची काटकसर करू नये; बंद बॅटरी जास्त भरली की फुगते. छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीला सरळ जोडायचीही नाही. आता लोखंड-फॉस्फेटच्या लिथियम बॅटऱ्याही मिळतात. घेतल्यास कंट्रोलर त्याच जातीच्या बॅटरीचा असला पाहिजे.

या व्यवस्थेत कट-ऑफ फिरवल्यावर गाडीचे इंडिकेटर लुकलुकत नाहीत, सायरन मात्र वाजतो. चोराला तेवढे पुरे.

लिंबाने आम्हाला धडा दिला. पॅनल बसवून दोन आठवडे झाले आणि छोटी बॅटरी 12.1 वर! कंट्रोलर तपासला, वायरी तपासल्या, सगळे ठीक. शेवटी भाची वर चढली आणि म्हणाली, "काका, एका कोपऱ्यावर फांदीची सावली आहे." पॅनलमधल्या चकत्या एकामागे एक साखळीने जोडलेल्या असतात. एक-दोन चकत्यांवर सावली आली तरी सगळ्या साखळीचा करंट अडतो. टेम्पो दहा फूट पुढे घेतला आणि काम झाले. आता दर रविवारी ओल्या फडक्याने पॅनल पुसण्याचे काम भाचीकडे आहे. कांद्याच्या बाजाराची धूळ आणि कावळ्यांची कृपा पॅनलवर फार लवकर साचते.

ज्यांची गाडी 24 व्होल्टची आहे, म्हणजे मोठ्या ट्रकसारख्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, त्यांनी एक चूक टाळावी. पुष्कळ वायरमन दोनपैकी एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून देतात. दिवा लागतो, घंटी चालते, सगळे खूष. पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी जास्त भरली जाते, आणि वर्षाच्या आत दोन्ही खराब होतात. त्यासाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच लावावा.

आता सायरन. चांगल्या सायरनच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते. चोराने वायरी कापल्या तरी तो बोंबलतोच. या पोटातल्या बॅटरीची कोणाला आठवण नसते. तीन ते पाच वर्षांत ती मरते, कधी फुटून आतली पट्टी खराब करते, आणि मग सायरन विनाकारण मध्यरात्री वाजू लागतो. त्याला छोटी किल्ली असते, ती जपून ठेवा. गाडीची बॅटरी काढण्याआधी सायरन त्या किल्लीने बंद करावा लागतो. सायरनचे तोंड खाली असावे, म्हणजे पाणी साचत नाही. रिमोटमधला नाण्यासारखा सेल वर्षातून एकदा, कमी झाल्याची वाट न पाहता बदला.

सेन्सरची गंमत वेगळी. हादऱ्याचा सेन्सर फार तिखट ठेवला की हायवेवरून कांद्याचा ट्रक गेला तरी बोंब. आत हालचाल टिपणारा डोळा असतो, त्याच्यासमोर पाल फिरली तरी बोंब. दोन-तीन रात्री असे झाले की शेजारी उठणे सोडतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. म्हणून हादऱ्याचा सेन्सर हळूहळू सौम्य करत आणा; हाताने पत्र्यावर जोरात थाप मारली तर वाजावा, ट्रकने वाजू नये. मी स्वतः दाराच्या आणि फाळक्याच्या चुंबकी स्विचवर जास्त विश्वास ठेवतो. त्याला पाल समजत नाही.

आत माणसे झोपलेली असताना डोळा बंद आणि दारे चालू, अशी सोय घंटीत असते. ती शिकून घ्यावी. साडूंच्या घरी ती कोणाला माहीत नव्हती. दादरला 5 डिसेंबरच्या रात्री धाकटा मुलगा पाणी प्यायला उठला आणि सायरन सुरू. आजूबाजूला दमून झोपलेले शेकडो लोक उठून बसले. साडू रिमोट शोधताहेत, मेहुणी पोराला समजावते आहे, पोर रडते आहे. शेजारच्या स्टॉलवरच्या आजी म्हणाल्या, "अरे बाळा, पाणी प्यायलास की चोरी केलीस!" तेव्हापासून रिमोट उशाशी असतो.

मोबाईलवर निरोप पाठवणारी घंटी ज्यांनी घेतली आहे, त्यांनी तिच्या सिमकार्डाची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बॅटरी भरलेली, पॅनल स्वच्छ, आणि सिमचे रिचार्ज संपलेले असेल तर निरोप येणार कुठून?

बॅटरीची बाकी देखभाल जुनीच आहे. खांबांवर पांढरा-निळा थर आला की कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसून कोरडे करा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. टोपणे असलेल्या बॅटरीत फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी घाला. बोअरचे नाही, आणि अ‍ॅसिड तर नाहीच. चार्जिंग चालू असताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा बिडी विझवून जवळ जा. चॅसिसला लावलेल्या वायरीखालचा रंग खरवडून लोखंड उघडे करून मगच बोल्ट आवळा. दहापैकी निम्मी "घंटी बिघडली"ची प्रकरणे मला या एका बोल्टपाशी सुटलेली आढळली आहेत. पिळून चिकटपट्टी लावलेले जोड पावसात धोका देतात. डाख लावून घ्या.

घोडेगावच्या गोष्टीत शिंगणापूर आल्याशिवाय राहत नाही. पाच-सहा किलोमीटरवरचे हे गाव घरांना दारे-कुलपे नसण्याबद्दल देशभर प्रसिद्ध आहे. चोरी झाली तेव्हा गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी साडूंना सुचवलेही, की तिकडे जाऊन गाडीला काहीतरी बांधून आणा, घंट्या कशाला हव्यात! श्रद्धा ज्याची त्याने जपावी. परंतु 2010 साली त्याच शिंगणापुरात एका भाविकाच्या वाहनातून रोख रक्कम आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली होती आणि वर्तमानपत्रांतून ती गाजली होती. 2011 च्या जानेवारीत युको बँकेने तिथे शाखा काढली. कुलूप नसलेली बँक म्हणून तिचे कौतुक झाले. दाराला पारंपरिक कुलूप नव्हते हे खरे, पण काचेच्या दाराला रिमोटवर चालणारे, सहज न दिसणारे विद्युतचुंबकी कुलूप होते. विद्युतचुंबक म्हणजे काय? जोवर करंट आहे तोवर पकड. करंट गेला की दार मोकळे. म्हणजे त्या बँकेच्या दारामागेही कुठेतरी बॅटरी आलीच, आणि तिच्याकडे लक्ष ठेवणारा माणूसही आला. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणेही सुरू झाले.

साडूंकडे तो माणूस म्हणजे मेहुणी. सातवीपर्यंत शिकलेली, मल्टिमीटर कधी पाहिलेला नव्हता. मी एकदा दाखवले. तिने विक्रीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून उलट लिहायला सुरुवात केली. दर रविवारी तारीख, मोठ्या बॅटरीचा आकडा, छोट्या बॅटरीचा आकडा, आणि "वाजली" किंवा "नाही". वाजली म्हणजे तिने स्वतः फाळका उघडून सायरन वाजवून पाहिला. शेजाऱ्यांना आधी सांगते, "रविवारी सकाळी आठला आमची बोंब आहे, तेव्हा येऊ नका, इतर वेळी या." मोठी बॅटरी महिन्यातून एकदा घरच्या विजेवर चार्जरला लागते, त्याची खूण वेगळ्या शाईने.

गेल्या पावसाळ्यात या वहीनेच एक बिघाड पकडला. छोटी बॅटरी चार रविवार 12.7, 12.7, 12.6, 12.7 अशी, आणि पाचव्या रविवारी 12.3. ऊन चांगले, पॅनल स्वच्छ. तिने फोन केला. मी म्हटले, छतावरून आत येणारी वायर पाहा. उंदराने कुरतडली होती. साडूंनी त्याच संध्याकाळी नवी वायर प्लास्टिकच्या नळीतून ओढली. त्या दिवशीच्या नोंदीपुढे मेहुणीने लिहिले आहे: "उंदीर. 60 रुपये. वाजली."

पुढील अंकी स्टार्टर, नक्की.